पोटभाडेकरू

डिझाइन शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात पहिल्या महिन्यात एक देखावा ठरलेला असतो. भिंतभर पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या, समोर विशीही न गाठलेली पोरं आणि शिक्षकाचं पाठ झालेलं वाक्य: डोकं रिकामं करा, चौकटीबाहेर विचार करा, मनात येईल ते लिहा. सोलापुरातल्या फॅशन, इंटीरियर, टेक्स्टाइलच्या वर्गांतही वेगळं काही घडत नाही. वर्षाअखेरीला परीक्षक म्हणून या वह्या चाळताना मला दर वेळी एकच गोष्ट खटकते. डोकं रिकामं करून भरलेल्या तीस वह्यांत तीच पाच-सहा चित्रं निघतात. कमळ, मोर, वारली माणसं, मधमाश्यांच्या पोळ्याचा षट्कोन.

यावर आपण मुलांना बोल लावतो: वाचत नाहीत, बघत नाहीत, मोबाइलवरून उचलतात. खरा दोष आपल्या समजुतीत आहे. कल्पना एका व्यक्तीच्या डोक्यात तिच्या एकटीच्या बळावर जन्मते, शिक्षकाने फक्त दार उघडायचं, ही ती समजूत. माझं म्हणणं असं की कल्पना ही एकट्या डोक्याची संतती कधीच नसते. तिथे आधीपासून कुणीतरी मुक्कामाला असतं: माग, हत्यार, सॉफ्टवेअर, आजीच्या हातची रांगोळी. जन्माला काय येणार हे बऱ्याच अंशी तो रहिवासी ठरवतो. ठरवताना तो विद्यार्थ्याचं हित बघेलच असं नाही, कारण त्याला आधी स्वतःची सोय लागते. म्हणून कल्पना कशी सुचते याचं उत्तर किड्यांच्या पोटात शोधावं असं मी म्हणतो. कीटकांचं प्रजनन आणि त्यांच्या शरीरात राहणारे जिवाणू हा गेल्या शंभर वर्षांत हळूहळू उलगडलेला विषय आहे, आणि त्याचा नमुना बघायला सोलापूर जिल्ह्यात लांब जावं लागत नाही.

१. 'मला सुचलं' यात मी कर्ता नाही

मराठी या बाबतीत फार प्रामाणिक भाषा आहे. 'मी चादर विणली' यात मी कर्ता. 'मला नक्षी सुचली' यात मात्र जे काही करते ते नक्षी. मी 'ला' लावून बाजूला उभा. भूक लागते, ताप येतो, स्वप्न पडतं, ठेच लागते, त्याच रांगेत आपण सुचणं बसवलं आहे. 'मी कल्पना केली' असंही म्हणतो, पण त्याचा अर्थ मनाशी धरून चाललो एवढाच.

चिठ्ठ्यांचा कारभार वेगळ्या घरातून आला. ॲलेक्स ऑस्बॉर्न हा अमेरिकी जाहिरात व्यवसायातला माणूस. 'अप्लाइड इमॅजिनेशन' या १९५३ च्या पुस्तकात त्याने ब्रेनस्टॉर्मिंगचे नियम मांडले: टीका नको, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवा. पाचच वर्षांनी, १९५८ मध्ये, येल विद्यापीठात त्याची परीक्षा झाली. चौघं एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात त्याच्या जवळजवळ दुप्पट कल्पना एकेकट्याने बसलेले दुसरे चौघं मिळून काढतात, असं निघालं. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं मुख्य कारणही दाखवलं: एक बोलत असतो तेव्हा बाकीच्यांचं अडतं. चिठ्ठ्यांना याने ढिम्म फरक पडला नाही.

माझ्या मुद्द्याला जवळचा प्रयोग १९९१ चा, जॅन्सन आणि स्मिथ यांचा. विद्यार्थ्यांना न सांडणारा, स्वस्त, वापरून फेकायचा कॉफीचा कप काढायला सांगितला. काहींना एक नमुना दाखवला. त्यात नळी होती, तोंडाला लावायची चोचही होती. आणि स्पष्ट बजावलं: नळी नको, चोच नको. नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत तरीही नळ्या आणि चोची आल्याच. डोकं रिकामं नव्हतं, आणि मनाई करून ते रिकामं होतही नव्हतं. या प्रकाराला डिझाइनमध्ये 'फिक्सेशन' म्हणतात आणि आजार समजून त्यावर औषध शोधतात. मला ते आजारापेक्षा शरीररचनेसारखं वाटतं.

२. शेंड्यावरचा मावा

डाळिंबाची बाग ताणावर सोडून, पानगळ करून, पुन्हा पाणी दिलं की लालसर पालवी फुटते. त्या कोवळ्या शेंड्यावर आठवडाभरात मावा दिसू लागतो. भिंग घेऊन बघावं: तोंडाची सुई देठात रुतवलेली मादी रस ओढते आहे आणि ओढता ओढताच जिवंत पिल्लू घालते आहे. अंडं नाही, नराशी गाठ नाही. आपल्याकडच्या उष्ण हवेत माव्याच्या पिढ्यांमागून पिढ्या अशाच, फक्त माद्यांच्या. त्याहून नवल म्हणजे जन्मणाऱ्या लेकीच्या पोटात तिच्या लेकींचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. आई, लेक आणि नात एकाच कातडीत.

एवढा पसारा कशावर? देठातल्या रसात साखर भरपूर, पण प्रथिनं बांधायला लागणारी आवश्यक अमिनो आम्लं नावापुरती. साखर इतकी जास्त की मावा ती मागून टाकून देतो. तोच पानांवर पडणारा चिकटा, ज्यावर काळी बुरशी चढते. उणीव भरून काढतो तो माव्याच्या शरीरात खास पेशींमध्ये राहणारा जिवाणू, बकनेरा. पॉल बुख्नर या जर्मन अभ्यासकाने किड्यांच्या अंतर्गत सहजीवनावर हयात घालवली, त्याचं नाव या जिवाणूला मिळालं. हा जिवाणू मातीतून येत नाही, पानावरून येत नाही. गर्भ आईच्या पोटात असतानाच तो त्यात उतरतो. प्रतिजैविक देऊन बकनेरा मारला तर मावा खुरटतो, आणि त्याचं पिल्लं घालणं जवळजवळ थांबतं.

सोलापूरजवळ केगावला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आलं, त्या भागात जिवाणू म्हटलं की बागायतदाराला आधी तेल्या रोग आठवतो. त्यामुळे 'किडीचं बाळंतपण जिवाणू करतो' हे वाक्य इथे चमत्कारिक वाटेल. पण 'माव्याने पिल्लं घातली' हे वाक्य अर्धंच खरं आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही.

३. भाडं भरणारा रहिवासी

बकनेरा हा भाडं नियमित भरणारा भाडेकरू. सोलापूरच्या डिझाइनमध्ये त्याची जागा कुणाची? मी म्हणेन, मागावरच्या जकार्ड यंत्राची.

सोलापुरी चादर जवळ घ्या. मोराच्या पिसाऱ्याची कड डोळ्यांपाशी आणा. ती वळत नाही, पायऱ्या उतरते. कारण नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते. एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक गाठभेट. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पडतात, पुठ्ठे एकमेकांना ओवून माळ होते, आणि भोक असेल तिथला हूक आपला उभा धागा उचलतो. हूक किती, त्यावर नक्षी किती रुंदीने पुन्हा येणार ते ठरतं. दुपदरी विणीमुळे एका बाजूला गडद जमिनीवर फिकी दिसणारी फुलं उलट्या बाजूला फिक्या जमिनीवर गडद होतात. म्हणजे चित्रकाराला एकच चित्र काढायची मुभा नसते. त्याचं उलटं चित्रही देखणं दिसावं लागतं. हा मोर कुणाला सुचला? कागदावर रंग भरणाऱ्याला, की हुकांच्या रांगेला? पद्मशाली विणकर तेलंगणातून इथे आले, १८७० च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, शहराच्या पूर्वभागात घराघरांत माग लागले. या साऱ्यातून जे नक्षीचं व्याकरण घडलं ते कुठल्या एका डोक्यात कधीच नव्हतं.

चार्ल्स आणि रे ईम्स या जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल दिला, ज्याच्या पाठोपाठ १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचं अपार कौतुक केलं. लोटा एका माणसाने घडवलेला असूच शकत नाही, तो पिढ्यांनी घडवला, असा त्यांचा रोख होता. अहवाल आपण शिरोधार्य मानला, संस्था काढल्या आणि त्यांच्या शाखा-उपशाखांत मुलांना 'तुझी एकट्याची ओरिजिनल कल्पना' दाखवायला सांगू लागलो. असो.

पण भाडं भरणारा आहे म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. बकनेराचा जीनोम २००० साली वाचला गेला: जेमतेम ६.४ लाख अक्षरं. त्याचा नातेवाईक, आपल्या आतड्यातला ई. कोलाय, ४६ लाखांच्या घरात. कोट्यवधी वर्षं सुरक्षित पोटात राहून या जिवाणूने एकेक कसब गमावलं. जे लागत नाही ते गळलं, आणि काही जे लागतं तेही गळलं, कारण बाहेरच्या जिवाणूंशी देवाणघेवाण नाही, गळलेलं भरून काढायला बाहेरून काही येत नाही. २००७ मध्ये वाटाण्यावरच्या माव्यात एक विलक्षण गोष्ट आढळली. बकनेराच्या उष्णतेशी संबंधित एका जनुकापाशी एकच अक्षर गळलं, तर कोवळ्या वयात कडक उष्णता सोसलेल्या माव्याला पिल्लंच होईनात. थंड हवेत मात्र तोच मावा लवकर व्यायचा. किडा तोच, रोप तेच. पोटातल्या रहिवाशाचं एक अक्षर ठरवतं की माव्याची संतती कुठल्या हवेत तगेल.

सोलापूरच्या मेमध्ये बसून हे वाचताना मला आपली चादर आठवते. पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत हस्तांतर झालं. गुण टिकला, भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पानिपतच्या स्वस्त मालाची झळ आली तेव्हा आमच्या नक्षीच्या वहीत त्या हवेत तगेल असं पान सापडायला फार वेळ लागला. परंपरा पोसते आणि आकसतेही. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने होतात.

४. घर बळकावणारा

आता दुसरा भाडेकरू. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाक या दोघांना क्यूलेक्स डासाच्या जननेंद्रियांत एक जिवाणू दिसला. पुढे १९३६ मध्ये त्याला वोल्बाकिया हे नाव मिळालं. आज अंदाज आहे की जगातल्या कीटकजातींपैकी किमान ४० टक्के, कुणाच्या मते निम्म्याहून बऱ्याच अधिक जातींत हा असतो. तोही अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो. शुक्रजंतूत त्याला जागा नाही. म्हणजे नराच्या शरीरातला वोल्बाकिया वंशाच्या दृष्टीने संपलेला. या एका अडचणीतून त्याचे सगळे डाव निघाले.

काही किड्यांत तो नर-गर्भ मारून टाकतो. आपल्याकडेही उडणाऱ्या मोठा चांदवा या फुलपाखराचं सामोआ बेटांवर २००१ मध्ये असं झालं होतं की शंभरात एखादाच नर दिसायचा. कुठे तो नर म्हणून जन्मणाऱ्याची मादी करतो; जमिनीवरच्या एका लाकूडकिड्यात, जो कीटक नाही, हे नीट अभ्यासलं गेलं आहे. चिमुकल्या गांधीलमाश्यांत तो फलन न झालेल्या अंड्यातून, जिथे रिवाजाप्रमाणे नर निघायचा, मादी काढतो. आणि चौथा डाव सर्वात कावेबाज: वोल्बाकिया असलेला नर वोल्बाकिया नसलेल्या मादीशी जुळला तर तिची अंडी फुकट जातात. मादीकडे तोच वोल्बाकिया असेल तर अंडी ठीक. १९७१ मध्ये येन आणि बार यांनी याचा कर्ता जिवाणूच आहे हे दाखवून दिलं. यात जिवाणू आपल्या घरमालकिणीला काहीही देत नाही. तो फक्त शेजारणीची कूस वाया घालवतो.

हा चौथा डाव वाचला तेव्हा मला वर्गातली संगणकांची रांग आठवली. डिझाइनचं एखादं महागडं सॉफ्टवेअर कॉलेजात सवलतीत येतं. मुलं त्यावर शिकतात. त्याची फाइल त्याच सॉफ्टवेअरमध्ये धड उघडते. दुसऱ्याकडे गेली की थर विस्कटतात, अक्षरं पडतात. कारखानदाराकडे ते नसेल तर मुलाचं काम तिथे 'रुजत' नाही, म्हणून तोही ते घेतो. मग नोकरीच्या जाहिरातीत त्याचं नाव येतं, मग अभ्यासक्रमात. ते सॉफ्टवेअर चांगल्या कल्पना देतं म्हणून पसरलं असं यात कुठे सिद्ध झालं? ते नसलेल्यांची अंडी फुकट जातात, एवढं पसरायला पुरतं. चित्रं शोधून देणाऱ्या संकेतस्थळांचंही तेच. ती जे दाखवतात त्यासारखंच पुढे काढलं जातं, काढलेलं पुन्हा तिथेच चढतं, आणि पुढच्या बॅचच्या वहीत तो षट्कोन परत येतो.

आणि इथे पोटभाडेकरूही असतो. डाळिंबावर पांढऱ्या कापसासारखा चिकटलेला पिठ्या ढेकूण चिरडायला आपण पुढे असतो; त्या वर्गातल्या एका जातीच्या पोटात एक जिवाणू आहे आणि त्या जिवाणूच्या पोटात दुसरा. एक आवश्यक आम्ल बनवायला तिघांना मिळून पायऱ्या वाटून घ्याव्या लागतात. इलेक्ट्रॉनिक जकार्ड, त्यात नक्षीचं सॉफ्टवेअर, त्यात कुणीतरी भरून दिलेली तयार नक्षींची पेटी: विद्यार्थी सांगतो 'हे मी केलं', तेव्हा सही नक्की कुणाची घ्यायची?

५. अडतं म्हणून उपयोगाचं ठरत नाही

या सगळ्या विषयातली मला सर्वात हादरवून गेलेली गोष्ट फ्रान्समधली आहे. असोबारा टॅबिडा ही फळमाशीच्या अळीत अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी. २००१ मध्ये लिऑनच्या संशोधकांनी तिला प्रतिजैविक देऊन तिच्यातला वोल्बाकिया काढला. माशी धडधाकट, उडते, हिंडते. पण तिच्या अंडाशयात अंडी तयारच होईनात. पहिला विचार येतो, म्हणजे जिवाणू काहीतरी मोलाचं पुरवत असणार. तसं दिसत नाही. जिवाणू आत असताना पेशींच्या मरण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ होते. माशीचं शरीर पिढ्यान्‌पिढ्या त्या ढवळाढवळीला तोंड द्यायला उलट्या दिशेने वाकून उभं राहिलं. एक दिवस समोरचा दाबच नाहीसा झाला आणि माशी त्या वाकण्यातच कोसळली. अवलंबून राहणं आहे, फायदा नाही.

आपण रोज याच्या उलट तर्क करतो. 'मोबाइल काढून घेतला तर मुलांना काही सुचत नाही, म्हणजे मोबाइल कल्पना देतो.' 'पाश्चात्त्य मासिकं बंद केली तर वर्ग ठप्प होतो, म्हणजे ती पोषक आहेत.' ठप्प होण्यावरून एवढंच कळतं की वर्गाचं शरीर त्या दाबाशी जुळवून वाकलेलं आहे.

उसावर खोडकिडीसाठी जी ट्रायकोकार्डं लावतात, त्यातल्या ट्रायकोग्रामाच्या गोत्रात आणखी एक धडा आहे. पोस्टकार्डाएवढं कार्ड, त्यावर धान्यातल्या पतंगाची सुमारे २०,००० अंडी, त्यांच्या आत वाढणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरच्या गांधीलमाश्या. या गोत्राच्या काही जातींत सगळ्या माद्याच माद्या. १९९० मध्ये स्टाउटहॅमर आणि सहकाऱ्यांनी त्यांना प्रतिजैविक दिलं आणि नर परत आले. नुसत्या माद्या असणं हा माशीचा स्वभाव नव्हता, रहिवाशाचा होता. पण पुढचं ऐका. जिथे संसर्ग फार जुना झाला आहे तिथे नर परत आले तरी माद्यांना मीलनाचं कसब उरलेलं नसतं. वापरात नाही म्हणून ते जनुकांतून झिजून गेलेलं असतं. चौथ्या वर्षाच्या मुलाला सॉफ्टवेअर बंद करून 'हाताने काढ' म्हणणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात घ्यावं. औषध बरोबर असेल. वेळ निघून गेलेली असते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप मीच माझ्यावर घेतो: निसर्गाकडे बोट दाखवून उपदेश करणं ही तर आजची फॅशन आहे, तुम्ही वेगळं काय करता? हरारेच्या ईस्टगेट इमारतीचं उदाहरण बघू. १९९६ ची, वास्तुकार मिक पिअर्स, वाळवीच्या वारुळावरून प्रेरित. डिझाइनच्या प्रत्येक वर्गात ती दाखवतात. २००८ मध्ये टर्नर आणि सोअर यांनी दाखवलं की वारुळाचं काम ज्या तत्त्वाने चालतं असं समजून इमारत बांधली, तसं ते चालतच नाही. इमारत चांगली चालते ती वेगळ्या कारणांनी. निसर्गातून आकार उचलला की असं होतं. मी आकार उचलत नाही. मी एक यंत्रणा उचलतो आणि ती तपासता येते: रहिवासी बदला, संतती बदलते का पाहा. जिथे ती तुटते तेही सांगतो. माव्याला रहिवासी निवडता येत नाही, विद्यार्थ्याला येतो. जिवाणू बहुधा आईकडूनच येतो. कल्पनेचे रहिवासी मित्राकडून, बसस्टँडवरच्या पोस्टरवरून, कुठूनही शिरतात. त्यामुळे माणसाचं पोट अधिक गजबजलेलं आहे, पण रिकामं नक्कीच नाही.

दुसरा: मग प्रतिभा कुठे गेली? जकार्ड यंत्राचंच बघा. १७२५ मध्ये बुशोंने भोकांचा कागद वापरला, १७२८ मध्ये फाल्कोंने पुठ्ठ्यांची माळ केली, १७४५ मध्ये व्होकान्सोंने वरून चालवलं, आणि १८०४ मध्ये जकार्डने हे सारं जुळवलं. गाव पुन्हा लिऑनच. प्रतिभा नव्हती असं मी म्हणत नाही. तिचं काम रिकाम्या पोटी काही प्रसवणं नव्हतं. पोटात आधीच असलेल्या तीन रहिवाशांना एका चुलीवर आणणं होतं. हे काही कमी दर्जाचं काम नाही. उलट तेच फार थोड्यांना जमतं.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. रहिवासी स्वार्थी असतील तर त्यांना हाकला, असाच अर्थ निघतो ना? नाही निघत. सामोआतल्या चांदव्याने २००१ नंतरच्या पाच वर्षांत स्वतःत नर-हत्या रोखणारं जनुक पसरवलं आणि २००६ पर्यंत नर ४० टक्क्यांच्या आसपास आले. जिवाणू तिथेच राहिला. त्याचा डाव निकामी झाला. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात तर वोल्बाकिया भरलेले एडिस डास मुद्दाम सोडले, कारण तो आत असला की डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्के कमी आढळले. पुदुच्चेरीच्या वेक्टर कंट्रोल संशोधन केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. तोच कावेबाज भाडेकरू, पण या वेळी त्याला घरात कुणी आणि कशासाठी ठेवलं हे माहीत आहे. माझा सगळा आग्रह त्या 'माहीत आहे' वर आहे. सॉफ्टवेअर वाईट नाही. ते कुणाच्या सोयीने घरात आलं हे विसरणं महागात पडतं.

आणखी एक आक्षेप येतो, की हे सगळं मुलांना सांगितलं तर ती बिचकतील. बिचकू देत. बहार धरण्याआधी झाडालाही ताण द्यावा लागतो.

७. मग शिकवायचं काय

रहिवाशांची मोजदाद. विद्यार्थ्याने संकल्पनेचं पान जोडतो तसं एक पान जोडावं: हे कुठल्या मागावर, किती हुकांवर, कुठल्या पेटीतून, कुणाच्या हाताखाली. मग त्यातला एकच रहिवासी बदलून तेच काम पुन्हा. फक्त हातमागावर. फक्त चौकटीच्या कागदावर. फक्त उलटी बाजू आधी काढून. काय बदललं ते मार्कांना. तीस जणांच्या वर्गात तीस चिठ्ठ्यांऐवजी तीस वेगळे रहिवासी वाटले, तर वर्षाअखेरीला मला तीच पाच-सहा चित्रं बघावी लागणार नाहीत असा माझा अदमास आहे. अदमासच, याचा प्रयोग व्हायचा आहे.

आणि हस्तांतर. बहुतेक किडे जिवाणू पुढे देतात ते गर्भातच, नकळत. एक अपवाद मला आवडतो. वालाच्या वेलीवर सापडणाऱ्या, हिरवट-तपकिरी, पाठीवर ढाल असलेल्या मेगाकोप्टा या ढेकण्याची मादी दोन ओळींत अंडी घालते आणि खाली ठरावीक अंतराने तपकिरी रंगाच्या बारीक कुप्या चिकटवते, साधारण तीन-चार अंड्यांमागे एक. कुपीत जिवाणू. पिल्लू अंड्यातून निघालं की आधी सोंड त्या कुपीत घालतं, मग रोपाकडे वळतं. जपानी संशोधकांनी दोन जातींच्या कुप्यांची अदलाबदल केली: एक जात सोयाबीनवरची पक्की कीड, दुसरी तिथे न टिकणारी. अदलाबदलीनंतर दुसरीची अंडी सोयाबीनवर छान उबली आणि पहिलीची उबण्यात मागे पडली. कीड असणं हा गुण ढेकण्याचा नव्हता, कुपीचा होता. आणि कुपी शरीराबाहेर, दिसेल अशी ठेवलेली होती म्हणून हे तपासता आलं.

पूर्वभागात माग बंद होतात तेव्हा लोखंड भंगारात जातं, त्याला किलोवर भाव मिळतो. पुठ्ठ्यांच्या माळा रद्दीत जातात. काथ्याने बांधलेले गठ्ठे, वर पेनाने लिहिलेला नक्षीचा नंबर, कडा वापरून मऊ झालेल्या. तराजूत टाकण्याआधी रद्दीवाला दोरी कापतो, कारण दोरीचं वजन त्याला धरायचं नसतं. माळ सुटली की पुठ्ठ्यांचा क्रम गेला, आणि क्रम गेला की त्या भोकांतून पुन्हा मोर निघत नाही.

त्याच जपानी संशोधकांनी काही अंड्यांखालच्या कुप्या काढून टाकल्या होत्या. ज्या पिल्लांना कुपी मिळाली ती रस पिऊन एकमेकांना चिकटून गप्प बसली. ज्यांना मिळाली नाही ती रिकाम्या जागेवर सोंड टेकवत इकडून तिकडे फिरत राहिली.